मोटारींतील संगणकास वीज नेणारी तार

घरांत ज्या तारेवर संगणक बिनघोर चालतो, तीच तार मोटारगाडींत त्याच संगणकास पुरत नाहीं. एवढेंच नव्हे, तर ती तापून प्रसंगीं गाडीस आग लागण्यास कारण होते. हें विधान प्रथम ऐकणारास चमत्कारिक वाटेल. घरांतील वीज २३० व्होल्टांची. तिचा धक्का प्राणघातक ठरूं शकतो. मोटारींतील वीज अवघी १२ व्होल्टांची. बॅटरीच्या दोन्ही टोकांस कोरडे हात लावले तरी कांहीं जाणवत नाहीं. असें असतां दुबळ्या विजेस जाड तार आणि बलवान् विजेस बारीक तार, हा उलटा न्याय कसा?

हा प्रश्न आतां केवळ परीक्षेपुरता राहिलेला नाहीं. लांबच्या प्रवासांत मागील आसनावर बसून लॅपटॉपवर अभ्यास करणारे विद्यार्थी आपण पाहतों. कित्येक व्यवसायांत गाडीच्या डिकींत लहानसा संगणक व पडदा बसवून नोंदणीचें किंवा तपासणीचें काम चालतें. अशा वेळीं "एखादी वायर टाकून द्या" एवढेंच सांगून मालक निघून जातो, आणि कारागीर हाताशीं असलेला तुकडा जोडून मोकळा होतो. संगणक सुरूहि होतो. तार चुकीची आहे हें त्या दिवशीं समजत नाहीं. तें उन्हाळ्यांतील एखाद्या दुपारीं, गाडी घाट चढत असतांना समजतें. म्हणून तार निवडण्यापूर्वीं कोणता हिशेब करावा, तो येथें क्रमानें मांडण्याचें योजिलें आहे. त्यास शाळेंतील गणितापलीकडे कांहीं लागत नाहीं.

प्रथम शक्ति, दाब आणि प्रवाह या तीन शब्दांचा संबंध ध्यानीं घ्यावा. विजेचा दाब व्होल्टांत मोजतात, प्रवाह अँपिअरांत मोजतात, आणि या दोहोंचा गुणाकार केला म्हणजे शक्ति मिळते. ती वॅटांत सांगतात. १२० वॅट शक्ति घेणारा एक संगणक उदाहरणादाखल घेऊं. घरीं २३० व्होल्टांच्या दाबानें त्यास लागणारा प्रवाह १२० भागिले २३०, म्हणजे सुमारें अर्धा अँपिअर. तोच संगणक मोटारींत १२ व्होल्टांवर चालविला तर प्रवाह १२० भागिले १२, म्हणजे पुरे १० अँपिअर. काम तेंच, शक्ति तीच. परंतु दाब एकोणिसांव्या हिश्श्याइतका झाल्यामुळें प्रवाह एकोणीस पट वाढला. विहिरीवरून मोठ्या घागरींनीं आणलेलें पाणी लहान तांब्यांनीं आणावयाचें ठरविलें तर खेपा वाढाव्या, तसाच हा प्रकार आहे. तारेची परीक्षा दाबावरून होत नाहीं. तींतून किती प्रवाह जावयाचा आहे, यावरून होते. वरील उलट्या न्यायाचें उत्तर एवढ्यांतच आहे.

आतां तारेकडे वळूं. तार कितीहि चांगली असली तरी ती विजेस थोडाबहुत रोध करितेच. या रोधाचा नियम ज्यानें शोधून काढला तो ग्यॉर्ग सायमन ओहम हा एक शाळामास्तर होता, ही गोष्ट विद्यार्थ्यांनीं अवश्य लक्षांत ठेवावी. इ. स. १८१७ पासून तो जर्मनींतील कोलोन शहरीं जेझुइट परंपरेच्या एका विद्यालयांत गणित व पदार्थविज्ञान शिकवीत असे. तेथील प्रयोगशाळेंत निरनिराळ्या लांबीच्या व जाडीच्या तारांतून प्रवाह सोडून त्यानें मोजमापें घेतलीं, आणि १८२७ सालीं आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. प्रथम त्याची फारशी कोणी दखल घेतली नाहीं. पुढें १८४१ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीनें त्यास कॉप्ले पदक देऊन गौरविलें. त्याच १८४१ सालीं जेम्स प्रेस्कॉट जूल या इंग्रज शास्त्रज्ञानें दुसरी एक गोष्ट प्रसिद्ध केली. ती अशी कीं, तारेंत उत्पन्न होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. प्रवाह दुप्पट झाला कीं उष्णता चौपट, आणि प्रवाह दसपट झाला कीं उष्णता शंभरपट.

या दोन नियमांवरून आपल्या संगणकाचें काय होतें तें पाहूं. तांब्याच्या तारेचा रोध काढण्याची रीति सोपी आहे. तारेची लांबी मीटरांत घ्यावी, तिला ०.०१७२ या आंकड्यानें गुणावें, आणि आडव्या छेदाचें क्षेत्रफळ जितके चौरस मिलिमीटर असेल तितक्यानें भागावें. येणारें उत्तर ओहमांत असतें. लांबी धरतांना जातांनाची व येतांनाची अशी दोन्ही धरावी, कारण वीज संगणकापर्यंत जाऊन परत बॅटरीकडे येते, तेव्हांच तिचें चक्र पूर्ण होतें. बॅटरी पुढें बॉनेटखालीं व संगणक मागें डिकींत, अशी मांडणी असल्यास वळणें धरून एका बाजूची लांबी सुमारें ४ मीटर होते. म्हणून दोन्ही मिळून ८ मीटर धरूं. प्रवाह १० अँपिअर. निरनिराळ्या जाडीच्या तारा घेतल्यास वाटेंत किती दाब खर्ची पडतो व तारेंत किती उष्णता होते, तें पुढील कोष्टकांत दिलें आहे.

१ चौरस मिलिमीटर: दाबांतील घट १.३८ व्होल्ट, उष्णता १३.८ वॅट.
१.५ चौरस मिलिमीटर: घट ०.९२ व्होल्ट, उष्णता ९.२ वॅट.
२.५ चौरस मिलिमीटर: घट ०.५५ व्होल्ट, उष्णता ५.५ वॅट.
४ चौरस मिलिमीटर: घट ०.३४ व्होल्ट, उष्णता ३.४ वॅट.
६ चौरस मिलिमीटर: घट ०.२३ व्होल्ट, उष्णता २.३ वॅट.

पहिल्या ओळीकडे नीट पाहावें. १ चौरस मिलिमीटरची तार घरांतील दिव्यांस पुष्कळ होते. त्याच ८ मीटर तारेंतून घरीं आपल्या संगणकाचा अर्धा अँपिअर प्रवाह गेला तर घट होते एका व्होल्टाच्या चौदाव्या हिश्श्याइतकी, आणि उष्णता एका वॅटाच्या पंचविसाव्या हिश्श्याहूनहि कमी. मोटारींत तीच उष्णता सुमारें ३६७ पट होते, कारण १९ चा वर्ग तेवढा मोठा आहे. घरचा अनुभव गाडींत फसवितो तो या वर्गामुळें.

शंका येईल कीं, सव्वा-दीड व्होल्ट कमी झाला म्हणून असें काय बिघडलें? दिवा असता तर किंचित् मंद झाला असता, इतकेंच. परंतु संगणकाचा स्वभाव दिव्यासारखा नाहीं. त्याच्या आधीं जें दाब बदलणारें यंत्र बसविलेलें असतें, तें संगणकास ठराविक शक्ति पुरविण्यास बांधलेलें असतें. दाब घटला कीं तें तूट भरून काढण्याकरितां अधिक प्रवाह ओढतें. प्रवाह वाढला कीं तारेंतील घट आणखी वाढते, आणि तारहि अधिक तापते. अखेरीस दाब ठराविक मर्यादेखालीं गेला म्हणजे यंत्र आपण होऊन बंद पडतें, आणि लिहीत असलेला मजकूर जातो. इंजिन चालू असतां गाडींतील दाब साधारणपणें १३.८ ते १४.४ व्होल्ट असतो, तेव्हां हा दोष झांकला जातो. इंजिन बंद केलें कीं भरलेल्या बॅटरीचाहि दाब १२.६ व्होल्टांच्या आसपास येतो, आणि ती निम्मी उतरली असेल तर सुमारें १२.२ वर. त्यांतून १.४ व्होल्ट वाटेंत गेल्यावर काय उरतें, तें सांगावयास नको.

म्हणून सर्वसाधारण नियम असा धरावा कीं, वाटेंतील घट मूळ दाबाच्या शेंकडा तीनपेक्षां अधिक नसावी. १२ व्होल्टांचे शेंकडा तीन म्हणजे ०.३६ व्होल्ट. या कसोटीस आपल्या कोष्टकांतील ४ चौरस मिलिमीटरची तार प्रथम उतरते. मात्र हा हिशेब २० अंश उष्णतामानाचा आहे. तांबें तापलें कीं त्याचा रोध दर अंशास शेंकडा सुमारें ०.४ या प्रमाणांत वाढतो. ६० अंशांवर तो शेंकडा १६ नें अधिक भरतो. नागपूर-चंद्रपूरकडे वैशाखांत उन्हांत बंद करून ठेविलेल्या गाडीचा आंतील भाग इतका सहज तापतो. तेव्हां अशा मुलखांत ४ च्या ऐवजीं ६ चौरस मिलिमीटरची तार घेणें शहाणपणाचें होय. जाड तार घेण्यांत थोडे पैसे अधिक जातात, त्याहून दुसरा तोटा नाहीं.

तारेची जाडी ठरली, तरी काम अर्धेंच झालें. आतां वितळतारेचा विचार केला पाहिजे. हिलाच व्यवहारांत आपण फ्यूज म्हणतों. मोटारीच्या बॅटरीचा दाब अल्प असला तरी तिच्या अंगीं सेल्फ फिरविण्याकरितां शेंकडों अँपिअर देण्याचें सामर्थ्य असतें. तारेचें आवरण कोठें पत्र्याच्या कडेवर घांसून फाटलें, आणि आंतील तांबें गाडीच्या सांगाड्यास टेकलें, कीं हे शेंकडों अँपिअर एकदम तारेंतून धांवूं लागतात. मग तार थोड्याच वेळांत लाल होते आणि तिच्या भोंवतालचें प्लॅस्टिक, कापड व फोम पेट घेतें. हें टाळण्याचें साधन एकच: सबंध मार्गांत एक जागा मुद्दाम दुर्बळ ठेवावयाची, म्हणजे संकट आलें कीं आधीं ती जागा वितळावी आणि बाकीचें सर्व वांचावें.

ही दुर्बळ जागा कोठें असावी? पुष्कळांस वाटतें कीं संगणकाचें रक्षण करावयाचें म्हणून ती संगणकाजवळ असावी. हा समज घातक आहे. फ्यूज डिकींत बसविला तर बॅटरीपासून डिकीपर्यंतची चार मीटर तार उघडीच राहिली. मध्यें कोठेंहि ती टेकली तर फ्यूजला त्याची वार्ताहि नसते. म्हणून फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतराच्या आंतच बसवावा. त्याचा आंकडा संगणकाच्या प्रवाहाहून अधिक आणि तारेच्या सहनशक्तीहून कमी असावा. आपल्या १० अँपिअरांच्या संगणकास १५ अँपिअरांचा फ्यूज योग्य. ४ चौरस मिलिमीटरची तार त्याहून पुष्कळ अधिक प्रवाह निर्धास्तपणें सोसते. मोटारींतील पात्याच्या आकाराच्या फ्यूजांना रंगांची खूण असते: १० अँपिअरांचा तांबडा, १५ चा निळा, २० चा पिवळा, ३० चा हिरवा. फ्यूज एकदां उडाला तर त्याच रंगाचा दुसरा बसवावा. पुन्हां उडाला तर दोष शोधावा. निळ्याच्या जागीं हिरवा घालणें, किंवा सिगारेटच्या पाकिटांतील चंदेरी कागद गुंडाळून काम भागविणें, म्हणजे घरास आग लागली असें ओरडून सांगणाऱ्या पहारेकऱ्याचें तोंड बांधण्यासारखें आहे.

एवढी तयारी करून बाजारांत गेल्यावर तेथें आणखी तीन ठिकाणीं सावध राहिलें पाहिजे.

पहिलें ठिकाण मापाचें. दुकानदार "चार एमएमची वायर" म्हणतो, तेव्हां त्याच्या मनांत चौरस मिलिमीटर असतात; तो व्यास नव्हे. बाहेरून मोजपट्टी लावून पाहणें तर अगदींच व्यर्थ, कारण कित्येक तारांचें आवरण जाड असतें आणि आंत तांबें थोडें असतें. खात्री करून घ्यावयाची तर तंतु मोजावे. वेष्टनावर ५६/०.३ असें लिहिलेलें असल्यास त्याचा अर्थ ०.३ मिलिमीटर व्यासाचे ५६ तंतु. अशा एका तंतूच्या छेदाचें क्षेत्रफळ ०.०७०७ चौरस मिलिमीटर. त्यास ५६ नें गुणिलें कीं ३.९६, म्हणजे व्यवहारांत ४. तसेंच १४ तंतूंची तार १ चौरस मिलिमीटरची. वर्तुळाचें क्षेत्रफळ काढण्यास शिकलेल्या मुलास ही परीक्षा दुकानांतच करतां येईल. कोठें परदेशी गेजचा आंकडा दिलेला असेल, तर तेथें आंकडा वाढला कीं तार बारीक होते, हें विसरूं नये.

दुसरें ठिकाण धातूचें. कांहीं स्वस्त तारा आंतून ॲल्युमिनियमच्या असतात व त्यांवर तांब्याचा केवळ पातळ थर असतो. ॲल्युमिनियमचा रोध तांब्याच्या दीडपटीहून अधिक असल्यामुळें चारची म्हणून घेतलेली अशी तार कामास सुमारें अडीचचीच होते. चाकूनें एक तंतु खरवडून पाहावा. आंत पांढरें दिसलें तर ती परत करावी. वजनावरूनहि हें कळतें. शुद्ध तांब्याच्या ४ चौरस मिलिमीटरच्या एक मीटर तारेंत सुमारें ३६ ग्रॅम धातु असतो. तितक्याच ॲल्युमिनियमचें वजन ११ ग्रॅमांपेक्षां कमी भरतें.

तिसरें ठिकाण आवरणाचें. घरांतील साधारण तारेचें आवरण ७० अंशांपर्यंतची उष्णता सोसण्याकरितां केलेलें असतें. बॉनेटखालीं इंजिनाजवळ याहून अधिक उष्णता होते, आणि तेलाचा व पेट्रोलच्या वाफेचाहि संपर्क घडतो. म्हणून मोटारींकरितां मुद्दाम केलेली, निदान १०० अंश सोसणारी तारच घ्यावी. शिवाय ती अनेक बारीक तंतूंची, लवचिक असावी. एकच जाड गज असलेली तार भिंतींत उत्तम. परंतु गाडीच्या अखंड हादऱ्यांनीं ती वांकून वांकून एके दिवशीं तुटते.

तार उत्तम निवडली आणि जोडकाम वाईट झालें, तर सर्व श्रम वायां जातात. जोडाच्या ठिकाणीं तांबें सैल बसलें कीं तेवढ्याच जागीं रोध वाढतो, आणि सगळी उष्णता त्या एका ठिकाणीं साठते. तंतूंना नुसता पीळ देऊन वर काळी चिकटपट्टी गुंडाळणें मोटारींत चालत नाहीं. तारेच्या जाडीस योग्य असा लग घेऊन तो दाबयंत्रानें घट्ट दाबून घ्यावा. परतीचा मार्ग म्हणून गाडीचा सांगाडा वापरावयाचा असेल, तर तेथील रंग खरवडून स्वच्छ लोखंडावर बोल्ट आवळावा. कोंकणांत व गोव्यांत समुद्रावरील खारट वाऱ्यानें असे जोड लवकर गंजतात. वर्षांतून एकदां, पावसाळा सरल्यावर, ते उघडून पाहावे. तार पत्र्याच्या भोंकांतून जाते तेथें रबराचें कडें बसवावें. आसनाच्या सरकत्या पट्टीखालून, दाराच्या सांध्यांतून किंवा अपघातसमयीं फुगणाऱ्या हवेच्या पिशवीवरून ती कधींहि नेऊं नये.

येथवर डिकींतील मोठ्या संगणकाचा विचार झाला. आतां लॅपटॉपकडे येऊं, कारण बहुतेक कुटुंबांस त्याचेंच प्रयोजन पडतें. लॅपटॉपला सहसा १९ ते २० व्होल्ट लागतात, म्हणून बॅटरीची तार त्यास सरळ जोडतां येत नाहीं. मध्यें दाब वाढविणारें यंत्र लागतें. कित्येक लोक त्याकरितां इन्व्हर्टर घेतात. तो १२ व्होल्टांचे २३० व्होल्ट करितो, आणि मग लॅपटॉपचा चार्जर २३० चे पुन्हां २० करितो. दोन्ही वेळां शेंकडा १० ते १५ भाग शक्ति उष्णतेच्या रूपानें नाहींशी होते. पुण्याहून मुंबईस जाण्यासाठीं नागपूरवरून फेरा घेण्याचा हा प्रकार होय. शिवाय १२ व्होल्टांच्या गाडींत विनाकारण २३० व्होल्ट आणल्यानें धक्क्याचें भय उत्पन्न होतें, तें निराळेंच. म्हणून १२ वरून सरळ २० व्होल्ट करणारा मोटारीचा चार्जर अधिक बरा.

असा चार्जर बहुधा पुढील लायटर सॉकेटमध्यें बसवितात. त्या सॉकेटच्या झांकणावर पुष्कळ गाड्यांत "१२ व्होल्ट, १२० वॅट" असें छापलेलें असतें. म्हणजे मर्यादा १० अँपिअरांची झाली. ६५ वॅटांचा लॅपटॉप चार्जरांतील नुकसान धरून सुमारें ६ अँपिअर घेतो, तेव्हां तो येथें चालतो. परंतु आपला १२० वॅटांचा संगणक या सॉकेटवर चालवूं नये. स्प्रिंगच्या आधारानें टेकणारा तो स्पर्श मर्यादेच्या टोकाशीं तासन्‌तास राहिला कीं तापून पघळतो. एका सॉकेटमधून तीन सॉकेट काढणारी जोडणी लावल्यानें मर्यादा तिप्पट होत नाहीं, हेंहि ध्यानांत असावें.

नव्या लॅपटॉपांस टाइप-सी जातीची केबल लागते. या केबली बाहेरून एकसारख्या दिसल्या तरी त्यांचे अधिकार भिन्न असतात. साधी केबल ३ अँपिअरांपर्यंतची, म्हणजे २० व्होल्टांवर ६० वॅटांची. त्याहून अधिक शक्ति न्यावयाची तर ५ अँपिअरांची केबल पाहिजे. तिच्या टोकांत एक सूक्ष्म चकती बसविलेली असते, आणि ती चार्जरला केबलची ताकद कळविते. अशी केबल २० व्होल्टांवर १०० वॅट नेते. १९२१ नव्हे, आपल्या काळांतील २०२१ सालीं झालेल्या सुधारणेप्रमाणें ४८ व्होल्टांपर्यंत दाब वाढवून ५ अँपिअरांतच २४० वॅट नेण्याची सोय झाली. येथेंहि पाहा: शक्ति वाढवावयाची होती, तेव्हां शास्त्रज्ञांनीं प्रवाह न वाढवितां दाब वाढविला.

मोटारींच्या इतिहासांतहि हेंच घडलें आहे. पूर्वींच्या बहुतेक मोटारींत ६ व्होल्टांची बॅटरी असे. इंजिनें मोठीं झालीं, सेल्फला व दिव्यांना अधिक शक्ति लागूं लागली, तेव्हां १९५० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील बहुतेक कारखान्यांनीं १२ व्होल्ट स्वीकारले. मोठ्या मालमोटारी व बसगाड्या २४ व्होल्टांवर चालतात. म्हणून केवळ १२ व्होल्टांकरितां केलेला चार्जर अशा गाडींत लावूं नये. विजेवर चालणाऱ्या नव्या मोटारींतहि लहान उपकरणांकरितां निराळी १२ व्होल्टांची व्यवस्था असते. परंतु त्यांतील नारिंगी रंगाच्या जाड केबलींत शेंकडों व्होल्टांचा दाब असतो. त्यांस कोणीहि, कोणत्याहि कारणानें, हात लावूं नये.

आणखी दोन गोष्टी पालकांकरितां. लहान मोटारीची बॅटरी साधारण ३५ ते ४५ अँपिअर-तासांची असते. इंजिन बंद ठेवून ६ अँपिअर घेणारा लॅपटॉप तीन तास चालविला तर १८ अँपिअर-तास खर्च होतात; जवळ जवळ निम्मी बॅटरी रिकामी झाली. मग आडरानांत सेल्फ फिरला नाहीं तर दोष कोणाचा? दुसरी गोष्ट, बॅटरीजवळचें कोणतेंहि काम जाणत्या कारागिराकडूनच करवावें, आणि त्यानें ऋण टोक आधीं सोडविलें कीं नाहीं तें पाहावें. धन टोक आधीं सोडवूं लागल्यास पाना गाडीच्या पत्र्यास टेकून मोठी ठिणगी पडते. गाडी नवी असेल, तर तिची मूळ वायरिंग कापल्यानें कंपनीची हमी जाण्याचा संभव असतो, हेंहि आधीं विचारून घ्यावें.

विद्यार्थ्यांनीं स्वतः गाडीस हात न लावतां करण्याजोगें एक उदाहरण येथें देतों. २४० वॅट घेणारीं यंत्रें एका गाडींत बसवावयाचीं आहेत. तारेची लांबी जाऊन येऊन १० मीटर, आणि घट शेंकडा तीनच चालेल. १२ व्होल्टांच्या गाडींत किती जाडीची तार लागेल, आणि २४ व्होल्टांच्या बसगाडींत किती? रीति अशी: ०.०१७२ गुणिले लांबी गुणिले प्रवाह, भागिले चालण्याजोगी घट. पहिल्या गाडींत प्रवाह २० अँपिअर व घट ०.३६ व्होल्ट, उत्तर ९.५६, म्हणून १० चौरस मिलिमीटरची तार घ्यावी. दुसरींत प्रवाह १० अँपिअर व घट ०.७२ व्होल्ट, उत्तर २.३९, म्हणून अडीचची तार पुरते. दाब दुप्पट झाल्याबरोबर तांबें चौथाईवर आलें. हें ज्यास समजलें, त्यास दूरच्या वीजगृहांतून येणारी वीज लाखों व्होल्टांच्या दाबानें कां आणितात, तेंहि समजलें.

सारांश, तार घेण्यापूर्वीं चार प्रश्न याच क्रमानें विचारावे. संगणकास किती वॅट लागतात? गाडीच्या दाबानें त्यांस भागून किती अँपिअर येतात? जाऊन येऊन किती मीटर लांबी आहे, आणि तीवरून किती चौरस मिलिमीटर तांबें लागतें? आणि त्या तारेचें रक्षण करील असा किती अँपिअरांचा फ्यूज बॅटरीजवळ बसवावयाचा? या चारही प्रश्नांचीं उत्तरें कागदावर लिहून तो कागद कारागिराच्या हातीं द्यावा. चांगल्या कारागिरास त्याचा राग येत नाहीं. उलट गिऱ्हाईक जाणतें आहे हें पाहून तो काम अधिक मन लावून करितो. हा हिशेब घरांतील एखाद्या मुलानें किंवा मुलीनें मांडून आईवडिलांस दाखविला, तर दहा मिनिटांचें काम आहे. आणि त्या गाडींत बसणाऱ्या सर्वांच्या जिवाचें रक्षण त्यांत आहे.